झुलीचे आरसे

आमच्या ह्यांच्या कोटाच्या पाठीवर बैलाची झूल शिवलेली होती, हे मी कितीतरी वर्षं माहेरी कोणाला सांगितलं नाही. आता सांगते. हसणारी माणसं गेली, आणि मलाही लाजायचा कंटाळा आला.

हे ढोरांचे डॉक्टर. लढाई संपल्यावर लष्कराने काढून टाकलेली एक फटफटी ह्यांनी हौसेनं घेतली. तिचा आवाज आमच्या गावातून, देऊळघाटातून निघाला की बुलढाण्याला पोचायचा. मागचा दिवा मात्र मेलेला, आणि तो नागपुरातही मिळेना. कापसाच्या दिवसांत मलकापूरच्या रस्त्याला रात्रभर लॉऱ्या आणि बैलगाड्या. आणि बैलाचं पोट फुगायचं तर ते नेमकं दिवे लागल्यावरच फुगायचं. मग ह्यांना निघणं भाग.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, दारात उभ्या राहून ते निघणं बघायच्या. एकदा म्हणाल्या, "खाकी कोट, काळी गाडी, अंधारी रात. मांगून येणाऱ्याले हा दिसन कसा?"

पोळ्याच्या संध्याकाळी बैल घरी येतात तेव्हा कंदील वर धरला की बैलाच्या आधी त्याच्या झुलीवरचे आरसे दिसतात, एवढं त्यांनी पाहून ठेवलं होतं. पाहतो आपण सगळेच. त्यांनी पेटीतून झूल काढली. त्यांच्या लाडक्या बैलाची होती. तो गेल्यावर ती त्यांनी दुसऱ्या बैलाच्या अंगाला लागू दिली नव्हती. कात्री लावताना हात जरासा थांबला, इतकंच. संध्याकाळपर्यंत कोटाच्या पाठीवर गोल आरशांच्या तीन ओळी बसल्या.

आणि मी? मी मलकापूरची. आमच्या घरात आगगाडीची शिटी ऐकू यायची, त्यामुळे आगगाडी आमचीच असावी असा माझा तोरा. विहिरीवर बाया विचारायच्या, "काऊन वं, डॉक्टरले यंदा पोळ्यात उभं करतं काय?" मी घागर तशीच अर्धी उचलून घरी यायची.

तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. रुखवतात मांडायला मी तोरण विणलं, पण त्याला चमक नव्हती. चमक कुठे आहे ते मला ठाऊक होतं. एका दुपारी आत्याबाई शेतात गेल्या तशी मी कोटाचे सगळे आरसे उसवले, तोरणाला लावले, आणि कोटावरच्या भोकांत लाल दोऱ्याची फुलं भरली. केवढी कलाकुसर! स्वतःच्याच पाठीवर शाबासकी द्यायला हात पुरत नव्हता. ह्यांनी कोट अंगात घालण्यापूर्वी कधी त्याची पाठ पाहिली असेल तर शपथ.

तिसऱ्या दिवशी अंधार पडताच घाटाखालून बोलावणं आलं. हे गेले ते उजाडता परतले, फटफटी ढकलत. कोपर सोललेलं, धोतर मातीनं भरलेलं. मागून लॉरी आली होती. अगदी अंगावर आली तेव्हा ह्यांनी गाडी कापसाच्या वावरात घातली.

"लॉरीवाला उतरून माह्यापरीस जास्त कापत होता, माय," हे आत्याबाईंना म्हणाले. "म्हणे, डॉक्टरसाहेब, तुमची पाठ रोज दुरूनच चमकते जी. आज काहीच नाही दिसलं."

आत्याबाईंनी कोट उलटा केला. फुलं पाहिली. मग मला पाहिलं. मी आतून तोरण आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"दिवे लागू दे," एवढंच म्हणाल्या.

दिवे लागले. त्यांनी मला तो कोट घालायला लावला, तोरण पदराखाली धरायला दिलं आणि गल्लीच्या टोकाला, निंबाखाली, पाठमोरी उभं केलं. स्वतः दारात कंदील घेऊन उभ्या.

"कुठी आहे वं?"

"इथंच आहे, आत्याबाई."

"मले त नाही दिसून राह्यली. फुलं लय सुंदर आहेत म्हणा, पण तू नाहीस. आता तोरण घे पाठीवर."

मी घेतलं.

"हाल बरं जराशी."

मी हलले. बाजूच्या भिंतीवर उजेडाचे बारके ठिपके पळाले, आणि दारातून आवाज आला, "हाव. आता आहेस."

मग मात्र मला रडू फुटलं. ह्यांच्या पाठीवरून मी काय काढून घेतलं होतं, ते मला तिथं, निंबाखाली कळलं.

"रडू नको, सुई घे," आत्याबाई म्हणाल्या. मी शिवत बसले, त्या कंदील धरून बसल्या. माहेरी त्यातलं एक अक्षर त्यांनी कळू दिलं नाही. रुखवतात माझं तोरण बिनचमकीचंच लागलं, आणि आत्याबाईंनी सगळ्यांदेखत त्याच्या विणीचं कौतुक केलं. पुढे ती फटफटी मोडीत जाईपर्यंत हे रोज आरसे घालून गेले आणि रोज परत आले. विहिरीवर कोणी काही म्हटलंच तर मी घागर पुरी भरून डोक्यावर घ्यायची.

परवा नातीनं रात्री गाडीवर घालायला चकचकीत पट्ट्यांचं जाकीट आणलं. म्हणाली, "आजी, हे नवीन निघालंय." नवीन! मी तिला गल्लीच्या टोकाला पाठमोरी उभी केली आणि बॅटरी मारली. पोरगी जागची हलली नाही तरी पट्ट्या लखलखल्या.

आत्याबाईंनी ते जाकीट उलटंपालटं करून पाहिलं असतं, आणि विचारलं असतं, "कोणत्या बैलाचं आहे वं?"