मधल्या धारेत

ओल्या काथ्याच्या दोराचा वास आला की अजूनही माझे हात आखडतात. स्वातंत्र्याआधी कोरीटच्या काठावरून तापीपार प्रकाशा गावाला नाव मीच न्यायचो. येणाऱ्याजाणाऱ्याला गाव, कामधंदा, मुलंबाळं विचारायची मला खोड होती.

त्या सकाळी कडेवर पोर घेऊन एक बाई एकटीच आली. कुठे निघालीस, म्हणून विचारलं तर म्हणाली, "सासरना मार सहन व्हत नही, भाऊ. शहादाले मावशीकडे ऱ्हासू, भाकऱ्या थापीसन पोट भरसू."

तासाभराने एक धिप्पाड माणूस नावेत बसला. तोही माझ्यासारखाच बोलका.

"दिनभर वल्हं मारीसन थकस नही का रे भाऊ? पोऱ्या कितला शेतस? आज सकायमा एखादी एकली बाई गयी का?"

"गयी ना. शहादाले, मावशीकडे."

तो एकदम गप्प झाला. आम्ही मधल्या धारेत होतो. तो कोण, हे मला तिथेच कळलं. नाव मागे वळवता आली असती. मी मात्र पैलतीराकडे वल्हं मारत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन परतला. तिचा ओठ फुटला होता. तो नावेच्या पुढच्या टोकाशी जाऊन बसल्यावर तिने हळूच विचारलं, "भाऊ, त्याले तू सांगं का?"

"नही, ताई."

"मंग मावशीनीच सांगं व्हई," ती म्हणाली आणि पोराला जवळ ओढून पाण्याकडे पाहत बसली.

त्यानंतर मावशीकडे जायला ती माझ्या नावेत कधीच आली नाही. मावशीने कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगणारा मी होतो.