मोर्चातला शिपाई

ओसाकातल्या मोर्चाला मोर्चा म्हणायची मला लाज वाटते. पोलिस सांगतील तेवढ्याच रांगा, पोलिस सांगतील तोच रस्ता, आणि सिग्नल लाल झाला की क्रांतीसुद्धा थांबते! मी पुण्यात पत्रकं वाटत, घसा फोडत वाढलेली. इथे पीएचडी करताना म्यानमारच्या लोकांच्या, तिथल्या फौजेविरुद्धच्या अशाच एका मोर्चात गेले, ते एका माणसामुळे.

आम्ही दोघं जेवणाचे डबे भरायच्या एकाच कारखान्यात पार्टटाइम करायचो. तो तिकडच्या फौजेतून पळून आलेला. एका गावावर गोळ्या झाडायचा हुकूम आला, तेव्हा बंदूक टाकून रानात शिरला. फौजेच्या लेखी गद्दार, फौजेशी लढणाऱ्यांच्या लेखी फौजी. वाटेत भेटेल त्याला तो 'मी भाजीवाला' सांगत आला, म्हणून वाचला. इथल्या त्याच्या देशाच्या लोकांतही तो भाजीवालाच होता, आणि त्यांच्यावाचून त्याला दुसरं कोणी नव्हतं. खरं काय ते त्याने फक्त मला सांगितलं होतं.

मोर्चा निघाला. सगळे रमतगमत, आणि हा मात्र डावा-उजवा, डावा-उजवा. पुढे ढोल वाजला की टाच आपटायचा. त्याचं त्याला कळतही नव्हतं.

मागून एक बाई पुढे आली. डोंगराळ भागातली, माझ्या आईच्या वयाची. तिचं गाव फौजेने जाळलेलं. बर्मी ही फौजेची भाषा, म्हणून ती तोंडात घेत नसे, जपानीतच बोलली.

"भाजी विकताना अशी पावलं टाकतात होय रे?"

मी मध्ये पडले. "मावशी, थंडीने पाय आखडलेत त्यांचे."

"तू घोषणा दे गं. तुला विचारलं का कुणी?"

त्याला हसून टाळता आलं असतं.

"मी शिपाई होतो," तो म्हणाला. "पळालो. तुमच्या गावात नव्हतो. पण अशाच एका गावाबाहेर बंदूक घेऊन उभा होतो."

माझ्या आजवरच्या सगळ्या पत्रकांत मिळून एवढ्या हिमतीचं एक वाक्य नाही. आम्ही 'निष्पाप पीडित' लिहितो, कारण लोकांना तेच हवं असतं. निष्पाप नसेल त्याने काय मरावं?

मागची रांग आमच्यावर आदळली. पोलिस हात हलवून 'पुढे, पुढे' करू लागला. बाई अजून त्याच्याकडेच बघत होती.

"चालायचंय आमच्यात?"

"हो."

"मग ते पाऊल बदल. मला ऐकवत नाही."

ती त्याच्या बाजूने चालू लागली. तो तिच्या पायांकडे बघत, अडखळत, पुढच्याच्या टाचेवर पाय देत, माफी मागत चालला. मोर्चा संपेपर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. पण त्याची बाजूही तिने सोडली नाही.