पंचांग तिकडचं, घड्याळ इकडचं

आमचे हे हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहेत. इस्त्रीच्या रोलरवर ओल्या चादरी सोडायच्या, पलीकडून कोरड्या निघाल्या की घड्या करून गाडीवर रचायच्या. तरी इथे परदेशात आपले लोक ह्यांना गुरुजी म्हणतात. मला हसू येतं. आमच्या लग्नात कोणता पाय आधी टाकायचा हे ह्यांनी हळूच माझ्या भावाला विचारलं होतं.

झालं असं, की नऊ वर्षांपूर्वी कँटीनमधल्या काकूंचे यजमान गेले. त्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर. संध्याकाळचे सात वाजले होते आणि काकू खाली काउंटरवर लोकांना जेवण वाढत होत्या. निरोप आला तरी समोर रांग होती. बदलीचं माणूस येईपर्यंत त्या वाढत राहिल्या, आणि वर पोचल्या तेव्हा काकांच्या तोंडावर चादर ओढून झाली होती. दिवस घालायला कुणी मिळेना, म्हणून लोकांनी ह्यांना पुढे ढकललं. ह्यांचे मामा भिक्षुकी करायचे, लहानपणी सुट्टीत त्यांची पिशवी धरून हिंडल्यामुळे ह्यांना चार मंत्र तोंडपाठ. एवढंच भांडवल. हे अडखळत म्हणत गेले, काकू हात जोडून ऐकत राहिल्या. तेव्हापासून इथली बारशी, वास्तुशांती, श्राद्धं सगळी ह्यांच्या गळ्यात पडली.

यंदा आमच्या लेकीने ह्यांच्या फोनवर पंचांग घालून दिलं. त्याने आधी विचारलं, तुमचं गाव कोणतं? ह्यांनी इथलं गाव घातलं आणि गंमत म्हणून काका गेले ती तारीख आणि वेळ घालून पाहिली. फोन म्हणाला नवमी. ह्यांनी श्राद्धांच्या तिथी टिपलेल्या वहीत अष्टमी.

"फोन बिघडलाय," हे म्हणाले.

मी भाजी चिरत होते. "तेव्हा वेळ तिकडची करून पाहिली होतीत का हो?"

"तिकडची कशाला? काका इकडे गेले."

"अहो, पंचांग गावाहून पार्सलने यायचं ना? त्यात अष्टमी रात्री अकरापर्यंत लिहिलेली असली तर ती तिकडच्या अकरापर्यंत. इकडे संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे दुसऱ्या दिवसाची पहाट. अष्टमी केव्हाच संपली होती."

ह्यांनी फोन पालथा ठेवला. मलाही सुरी चालवेना. आईला फोन करायचा तर आम्ही दहादा घड्याळ बघतो, आत्ता तिकडे झोपले असतील म्हणून. देवाच्या बाबतीत मात्र ही गोष्ट आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

श्राद्ध आठ दिवसांवर होतं. ते आठ दिवस ह्यांनी मला उभा जाच केला. जेवताना मधेच उठायचं, खिडकी उघडायची, लावायची. स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर. एकदा मी चिडून म्हटलं, "एवढं चालायचंच आहे तर दूध तरी घेऊन या." हसले नाहीत. लाँड्रीत तर चादर रोलरमध्ये तिरकी गेली आणि अख्खं यंत्र तासभर बंद पडलं. वीस वर्षांत ह्यांच्या हातून असं झालं नव्हतं.

"काकूंना सांगूच नका," शेवटी मी म्हणाले. "भाव असला की झालं."

"काकूंचा भाव आहेच गं. श्राद्धाच्या एका दिवसाच्या रजेसाठी त्या वर्षभर सुपरवायझरची मनधरणी करतात. प्रश्न माझा आहे."

खरं सांगते, मला काकूंची काळजी नव्हती. लोक हसतील, आपलं तोंड काळं होईल, याची भीती होती. स्वतःचीच लाज वाटली, आणि तो राग मी भांड्यांवर काढला.

रविवारी आम्ही काकूंकडे गेलो. दुकानावरची एकच खोली, कॉटवर काकांचा फोटो, आणि काकू श्राद्धाचे तांदूळ निवडत बसलेल्या. हे बसायलाच तयार नाहीत. दारातच चप्पल न काढता सगळं एका दमात सांगून टाकलं.

काकूंचा हात ताटात तसाच राहिला. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते दुसऱ्या दिवशी यायचे?"

"हो."

"दुसऱ्या दिवशी तर मी ड्यूटीवर." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "म्हणजे ते आले, तेव्हा मी परत काउंटरवरच. आठही वेळा."

हे दारातूनच म्हणाले, "काकू, मी मुळात भटजी नाहीच. यापुढे दुसरं कुणीतरी बघा. मला नका बोलावू."

तेव्हा काकू भडकल्या. नऊ वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "दुसरं कोण आहे इथे? सांगा ना! घोळ घालायचा तुम्ही आणि पळून जायचंही तुम्हीच? चप्पल काढा आणि आत या. नवमी किती वाजता लागते ते नीट बघा. इथल्या घड्याळाने."

रजा बदलून द्यायला सुपरवायझरने साफ नकार दिला. काकूंनी नवमीला सरळ दांडी मारली.

त्या दिवशी हे पाटावर बसले खरे, पण तोंडातून मंत्र फुटेना. मी मागून कोपराने ढोसलं. मग ह्यांनी पळी खाली ठेवली, फोटोसमोर हात जोडले आणि साध्या बोलण्यात म्हणाले, "काका, ह्या दर वर्षी तुम्हाला बोलवायच्या. निरोप मी चुकीच्या दिवसाचा दिला. ह्यांच्यावर रागावू नका." एवढं म्हणून मग मंत्र सुरू केले. ह्या खेपेला अडखळले नाहीत.

पान वाढायची वेळ झाली. काकूंनी भात घातला, भाजी घातली, पुन्हा भात घातला. पानावर जागा उरली नाही, शितं पाटावर सांडायला लागली, तरी त्या वाढतच होत्या, आणि ह्यांनी त्यांना पुरे म्हटलं नाही.