झावलिन मंडळाची नवी सभासद

चौतिशीतल्या मुलीने नवरा बघण्याआधी कबरीची जागा घेतली, ही गोष्ट सेल्माच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. त्यातही ती जागा बापाशेजारी नाही. तिच्या नवऱ्याने, आयर्व्हिंगने, जिवंतपणीच लाँग आयलंडला तीन जागा घेऊन ठेवल्या होत्या: स्वतःची, सेल्माची, रोशेलची. आणि रोशेल झोपणार होती क्वीन्सच्या दफनभूमीत, झावलिन मंडळाच्या कमानीआड, फ्रूमा ग्लेझर नावाच्या परक्या म्हातारीच्या कुशीला!

पोरगी पहिल्यापासून तशीच. शेजारची मिसेस काट्झ वारली तेव्हा बाकीची मुलं रस्त्यावर टाकलेल्या तिच्या गादीवर उड्या मारत होती, आणि ही कचऱ्यातून तिच्या लग्नाचे फोटो उचलून घरी आली.

"कुणाचे गं हे?"

"आता माझे."

मोठी होऊन तिने तोच धंदा धरला. पूर्व युरोपातल्या गावांतून न्यूयॉर्कात आलेल्या आपल्या ज्यू लोकांनी ज्याच्या त्याच्या गावाच्या नावाने मंडळं काढली होती. आजाऱ्याला डॉक्टर, मेलेल्याला माती, बोटीतून उतरलेल्या नवख्याला चार दिवस खाट. आता मंडळं माणसांसकट संपत चालली होती, आणि संग्रहालयातर्फे रोशेल तळघरांतून, विधवांच्या कपाटांतून त्यांचे कागद, झेंडे, अध्यक्षांचे हातोडे गोळा करत हिंडायची. सर्दी बारमाही, नखांत धूळ. सेल्माने तेही सोसलं, कारण शुक्रवारी संध्याकाळी पोरगी हात धुऊन आईच्या टेबलाशी बसायची.

मग फ्रूमा भेटली. झावलिन मंडळाची शेवटची चिटणीस, ग्रँड स्ट्रीटवर एकटी राहणारी.

"मंडळाचा कागद सभासदाशिवाय कुणाच्या हातून उंबऱ्याबाहेर जात नाही," म्हातारीने बजावलं. रोशेलचे आजोबा, म्हणजे सेल्माचे वडील, झावलिनचेच निघाले. तेव्हा तिने मतदानाची पेटी काढली. पांढरी गोळी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. एक जरी काळी पडली तरी माणूस बाहेर. मत द्यायला उरली होती ती एकटी. तिने गोळी टाकली, पेटी खुळखुळवली, उघडून आत निरखून बघितलं आणि जाहीर केलं, "एकमताने!"

रोशेल हे सांगताना खो खो हसत होती. सेल्मा हसली नाही.

"आणि कबर?"

"ती सभासदाला मिळतेच, मा."

"लोकांच्या पोरींना अंगठ्या मिळतात."

पुढे फ्रूमा न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. मंडळाचा नियम असा की सभासद आजारी असला की दुसऱ्या सभासदाने उशाशी बसायचं. दुसरी सभासद रोशेलच. शुक्रवारची खुर्ची रिकामी झाली, उरला नुसता फोन.

"या शुक्रवारीही नाही जमायचं, मा. बोबे एकटी आहे."

बोबे! आजी! सेल्माच्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि मी काय इथे जत्रेत बसलेय?"

"अगं, ती एकेका फोटोतल्या माणसांची नावं सांगते, मी मागे लिहून घेते. ती गेली की नावंही गेली. सहलीच्या फोटोत आजोबांना तिने झटकन ओळखलं. म्हणाली, नाचायला लागला की थांबायचं नाव नाही."

आपला बाप नाचायचा, हे सेल्माला ठाऊक नव्हतं. म्हणजे बापही तिकडेच गेला.

"खातेस काय?"

"तिच्या पद्धतीचं सूप करते, शेपू घालून. मस्त लागतं. तू कधी शेपू का नाही घातलास?"

"तुझ्या बापाला खपत नसे. आवाज का बसलाय तुझा?"

"काही नाही गं."

ते 'काही नाही' सेल्माला रात्रभर टोचलं. सकाळी रोशेलच्या घरी फोन वाजत राहिला. मग ग्रँड स्ट्रीटला लावला.

"रोशेलला द्या."

"पोरीचा आत्ता डोळा लागलाय," फ्रूमा म्हणाली. "रात्री फणफणून ताप आला होता. माझ्या कोचावरच झोपलीय."

"उठवा. मी तिची आई आहे."

"असाल. झोप तिची आहे."

"तुमचं हाड मोडलंय ना? तिच्याकडे कोण बघतंय?"

"मी. खुर्ची सरकवत आले कोचापाशी. सभासद आजारी, सभासद उशाशी. नियम दोन्हीकडून लागतो, बाई."

"मी येते. निघालेच."

"या की. पण उशाशी सभासद बसतो. पाहुण्यांची खुर्ची दाराजवळ आहे."

सेल्माने फोन आपटला. दाराजवळ! जिला पोटात वाढवलं तिच्या तापात दाराजवळ! तिने गाजरं अशी तासली की सालं भिंतीला चिकटली. कोंबडीचं सूप उकळायला लागलं, तसं तिचं डोकं मात्र हळूहळू निवत गेलं. बाप झावलिनचा. म्हणजे ती काही परकी नव्हती. सभासद झालं तर उशाशी पाळीने बसता येईल, पोरीची पाठ खाटेला लागेल. शुक्रवारी दोघींना ग्रँड स्ट्रीटलाच जेवावं लागेल. लागू दे. सूप सेल्माचं असेल, शेपूशिवाय. आणि जागा मिळणारच असेल, तर फ्रूमा आणि रोशेलच्या बरोबर मधली. आयर्व्हिंगला ती त्याच्या कबरीपाशी जाऊन समजावेल.

फक्त म्हातारीच्या हातात काळी गोळीही होती, आणि सेल्माने आत्ताच तिच्या कानात फोन आपटला होता.

तिने गॅस बारीक केला, ॲप्रनला हात पुसले आणि पुन्हा तोच नंबर फिरवायला घेतला.