अकरा जणांनी वळून बघितलं

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही शिवाजी पेठेतली बारा जोडपी अंदमानला गेलो. मद्रासहून बोटीनं. दुसऱ्या दिवशी समुद्र असा पिसाळला की जेवणाच्या हॉलमधली ताटं भिंतीवर जाऊन आपटायला लागली. मला भडभडून उलटी झाली, ती नेमकी नवऱ्याच्या नव्या टेरिकॉटच्या पँटवर. त्यांनी तिथंच, सगळ्यांदेखत, माझ्या कानाखाली जाळ काढला. "घराबाहेर काढायच्या लायकीची न्हाईस!" बाकीचे आपापली ताटं धरून बसले. नवरा-बायकोच्या भांडणात कोण पडतंय? पोर्ट ब्लेअरला उतरेपर्यंत माझ्या कानात शिट्टी वाजत होती.

सहलीच्या शेवटच्या दिवशी होडीनं एका छोट्या बेटावर नेलं. नारळी, पांढरी वाळू, निळंहिरवं पाणी. मला कसलं डोंबलाचं कौतुक! गाल अजून दुखत होता. होडीवाल्यानं हिंदीत बजावलं, त्या खडकापलीकडं जाऊ नका, पाणी आत ओढतं. आमच्या ह्यांना असं काही सांगायची सोय नव्हती. "पंचगंगेच्या पुरात पुलावरनं उडी टाकलेला गडी हाय मी. मला पाणी शिकिवतोय!" म्हणाले, आणि गेले. बाकीचे अकरा जण अलीकडं कमरेएवढ्या पाण्यात दंगा करत होते. बायका मागं झाडाखाली डबे सोडत होत्या.

मी एकटी काठावर होते. लाटेनं ह्यांना उचललं आणि खडकावर आपटलं. पाणी लाल झालं. डोकं वर आलं, खाली गेलं, परत आलं. खोटं कशाला बोलू? माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, बरं झालं, मुडदा बसवला ह्याचा! तशीच गप्प उभी राहिले मी. मग नुसता एक हात पाण्याबाहेर दिसला.

"अवो!" मी ओरडले. "अवो! अवो!"

अकराच्या अकरा जणांनी वळून बघितलं. सगळ्यांच्याच बायका त्यांना अवो म्हणायच्या की! लाटांच्या आवाजात, डोळ्यांवर आलेल्या उन्हात कुणाची बायको ओरडतेय, हे कुणाला कळणार? प्रत्येकाला वाटलं, आपली जेवायला बोलावतेय. "आलो, आलो," म्हणून त्यांनी हात हलवले आणि परत पाणी उडवायला लागले.

नाव घ्यायला पाहिजे होतं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाई सांगायच्या. पण आता आयुष्य उरलं होतं तरी किती? मी लुगड्यानिशी पाण्यात शिरले आणि बेंबीच्या देठापासून नाव घेतलं. पुढं राव नाही, काही नाही. "अरे मेल्यांनो, बुडतोय तो!"

मग मात्र धावले सगळे. केसांना धरून, फरफटत काठावर आणलं. होडीवाल्यानं पालथं घालून पाठीवर गुडघा रोवला, तसं तोंडातनं पाणी आणि रक्त आलं. खांदा सोलून निघाला होता. डोळे उघडले. मी दिसले, आणि पहिल्यांदा हातच वर गेला.

"चारचौघांत नाव घेतीस माझं? भवाने!"

मी ते मनगट वरच्या वर धरलं आणि नखं रुतेपर्यंत दाबलं.

"व्हय, घेतलं. परत हात उचललास, तर पुढच्या टायमाला घेणार न्हाई."