ओळखणाऱ्याची सही

मैत्रिणींनो, निवृत्तीनंतर कोल्हापूरला राहू, असं हे म्हणायचे. हे गेल्यावर मी एकटीच आले. "माणसं फटकळ आहेत तिथली. तुला ओळखतं कोण?" असं पुण्याची नणंद दर फोनला विचारते.

आज सकाळी वाचनालयात नाव घालायला गेले. आजवर कार्ड यांच्या नावावर असायचं, वाचायची मी. फॉर्मवर ओळखीच्या सभासदाची सही हवी होती. तसं कुणीच नव्हतं. मी फॉर्म परत करू लागले.

पेपर वाचत बसलेले एक आजोबा तिथूनच ओरडले, "ओ ताई, पुस्तकं घेऊन पळून जाणार हायसा काय?"

"नाही हो."

"मग आणा हिकडं."

ग्रंथपाल बाई हसल्या. "नाना, ओळखता यांना?"

"आत्ता बोललो की!" नानांनी सही ठोकली. "पुस्तक वेळेत आलं न्हाय, तर न्यायला घरला येतो. चहा ठेवायचा."

दुपारी नणंदेला नानांचं नाव सांगितलं. "हे कोण?"

"ओळखीचे," मी म्हटलं.

पुस्तक दोन दिवस उशिरा द्यावं म्हणते. तुम्ही काय केलं असतं?