वाढत्या मापाची सायकल

गल्लीत त्यांना सगळे 'वाढीव मास्तर' म्हणत. पोरांचे कपडे शिवताना आत इतकं कापड दुमडून ठेवत, की उसवून वाढवत वाढवत त्याच शर्टात पोराला मिसरूड फुटावं. "पोर काय आजच्यापुरतं असतं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मास्तर आधी अंथरूणच मोठं करून ठेवणारे.

मग नातीच्या पहिल्या सायकलीचं दुसरं काय होणार? दुकानदार सांगत होता, सीटवर बसल्यावर शिकणाऱ्या पोराचे दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत. मास्तरांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं आणि चांगली उंच लाल सायकल घरी आणली.

नातीचे अंगठेसुद्धा जमिनीला पुरेनात. मास्तर सीट धरून धापा टाकत धावायचे. हात सुटला की ती मुकाट्याने कलंडायची. गुडघे फुटले. शेवटी तिने सायकल जिन्याखाली लावली, वर जुनी चादर टाकली आणि म्हणाली, "आजोबा, मी मोठी झाल्यावर शिकेन."

पोर समजूतदार आहे, असं मास्तरांना वाटलं. तेवढ्यात त्यांची लेक, नातीची आई, हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने आवाज चढवला नाही.

"बाबा, मीही हेच म्हणायचे. तुम्ही शिवलेल्या प्रत्येक फ्रॉकमध्ये मी हरवलेली असायची. अंगाला बसायला लागेपर्यंत तो विटून गेलेला असायचा. हिला तरी आज चालवता येईल अशी घ्या."

लग्नानंतर लेकीने मास्तरांकडे एकही कपडा शिवायला टाकला नव्हता. फॅशनचं खूळ, म्हणून ते हसण्यावारी नेत. आता ते आठवलं आणि फार लागलं.

दुसऱ्या दिवशी गळ्यात टेप अडकवूनच ते नातीला घेऊन दुकानात गेले. टाचेपासून वर पायाचं माप घेतलं. सवयीने बोट टेपवर थोडं पुढे सरकलं, ते त्यांनी मागे आणलं. उंच सायकल परत करून छोटी निवडली.

"मास्तर, पुढच्या वर्षी तोकडी पडेल हं," दुकानदाराने चिडवलं.

"पडू दे."

संध्याकाळी नात आधी पाय टेकत, मग पाय उचलून थेट गल्लीच्या टोकापर्यंत गेली. लेक दारात उभी राहून बघत होती. मास्तर तिच्यामागे येऊन थांबले.

"जरा सरळ उभी राहा. माप घेऊ दे."

"कशाचं?"

"ड्रेसचं. अगदी अंगाबरोबर शिवतो."

लहानपणी उभी राहायची तसे लेकीने दोन्ही हात पसरले.